न विरलेली पोळी

दूध करपलं तेव्हा मी पातेल्यापासून हातभर अंतरावर बसलो होतो. जळगावात पिंप्राळ्यातलं आमचं स्वयंपाकघर म्हणजे एक ओटा आणि ओट्याला खेटून एक प्लास्टिकची खुर्ची. त्या खुर्चीवर बसून मी ग्रुपवर एका मित्राच्या नव्या गाडीची चेष्टा करणारा मेसेज टाईप करत होतो, आणि मेसेज जमत होता म्हणून स्वतःशीच हसत होतो. हेमलता न्हाणीतून ओल्या केसांनी धावत आली, गॅस बंद केला, खिडकी उघडली, पदराने वारा घालायला लागली, तेव्हा मी मान वर केली. पातेल्याच्या तळाला काळा थर बसलेला, घरभर निळसर धूर, आणि मी त्या धुरात बसलेलो. डोळे चुरचुरत होते हे मला तेव्हा कळलं. वास मात्र नव्हता. थोडासा असेल, दुसरीकडे लक्ष असेल, असंही नाही. भिंत पांढरी असते तसा, नव्हताच. मी म्हटलं, हेमा, मला वास आलाच नाही. ती पातेल्यात पाणी ओतत होती. तिने माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. म्हणाली, "आता दुधावर तरी नाटकं करू नका. माणसं कमी पडली का तुम्हाला?"

तिचं चुकलं नव्हतं. माझं आयुष्यच असं गेलंय की मी मेलो तरी लोक आधी बगलेत गुदगुल्या करून बघतील. सासऱ्यांच्या चपलांच्या जोडीत एक डावी आणि दुसरीही डावी ठेवणारा मी. शेजाऱ्याच्या दारावर 'येथे झाडफूक करून मिळेल' अशी पाटी लावून गच्चीवरून गिऱ्हाइकं मोजत बसणारा मी. पन्नाशी ओलांडली तरी खोड गेली नाही, फक्त दम लागायला लागला. पूर्वी चेष्टा सुचली की अंगात वीज यायची. आता चेष्टा सुचते आणि वाटतं, हेही करायला पाहिजे का? लोक वाट बघत असतात म्हणून करतो. लग्नात, दहाव्याला, बँकेच्या रांगेत, माझं तोंड दिसलं की लोकांचे ओठ आधीच फाकलेले असतात, आणि मग त्या फाकलेल्या ओठांत काहीतरी घालावं लागतं. हेमलता आत गेल्यावर मी हळूच मसाल्याचा डबा उघडला. हिंगाची डबी नाकाला लावली. काही नाही. कापूर हातावर चोळला. काही नाही. फरशीच्या फिनाईलची बाटली उघडली आणि एवढ्या जोरात ओढलं की कपाळात कळ गेली. कळ आली, वास नाही आला. मागच्या महिन्यात सर्दी झाली होती, चांगली रेंगाळली होती, तिच्याबरोबर गेला असेल. पण सर्दी जाऊनही बरेच दिवस झाले होते आणि मला पत्ताच नव्हता. एखादा भाडेकरू खोली सोडून गेला, आणि मालक महिनाभर बंद दाराकडे बघून समजतोय की आत आहे.

आता हे कोणालाही झालं तर तो डॉक्टरकडे जाईल. मला आधी घाम फुटला, कारण मी नाकावर जगतो. एमआयडीसीत आमच्याकडे मातीतले जिवाणू वाढवतात. स्युडोमोनास त्याचं नाव, शेतकरी नुसतं 'स्युडो' म्हणतात. डोळ्याला न दिसणारा प्राणी, कुठल्याही मूठभर चांगल्या मातीत कोट्यवधी असतो, आपण टाकीत गूळपाण्यासारखं खाणं देऊन त्याची पैदास करायची आणि कॅनमध्ये भरून फैजपूरकडे केळीवाल्यांना द्यायची. केळीच्या मुळाशी सोडला की मर रोगाच्या बुरशीला जागा देत नाही, स्वतःच मुळाभोवती वस्ती करून बसतो. गल्लीतल्या टग्यासारखा. त्याचेच काही भाऊबंद आणखी अचाट, ते डिझेल खातात, ऑइल खातात, फवारणीच्या औषधाचे अवशेष खातात. दुसऱ्याला जे विष ते याला जेवण. टाकी तयार झाली की झाकण उघडून पहिला वास मी घ्यायचा ही आमची रीत. चांगल्या टाकीला ओल्या गोणपाटाचा, जरा गोडसर वास. बिघडलेल्या टाकीला आंबट, नासल्या ताकासारखा. मी नाक घालायचो, डोळे मिटायचो, उगाचच वेळ लावायचो, आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघत राहायचे. मग मी म्हणायचो, "मुलगा झाला." दरवेळी तेच, आणि दरवेळी हशा. मागच्या महिन्यातल्या टाक्यांना मी मुलगाच म्हटलं होतं. बाहेर येऊन प्रयोगशाळेच्या मोनालीला फोन लावला, आडून विचारलं, मागच्या बॅचा ठीक होत्या ना? ती म्हणाली, सर, सगळ्या प्लेटा वाढीने झाकल्या, निळ्या दिव्याखाली हिरव्या चमकल्या, तेव्हाच तर माल गेला. मी म्हटलं, म्हणजे माझ्या वासावर नाही गेला? ती हसली. अगदी गोड हसली. म्हणाली, "सर, तुमचं नाक आम्ही कुठे धरतो? ते तर मजेचं."

सुटलो म्हणायचं की मेलो म्हणायचं, कळेना. केळी वाचली होती. आणि मी इतकी वर्षं ज्याला काम समजत होतो तो खेळ होता. पण त्याचं दुःख करत बसायला वेळ नव्हता, कारण त्याच दिवशी मला धुळ्याला जायचं होतं, आणि तिथे माझं नाक मजेचं नव्हतं. तिथे सगळं नाकावरच ठरणार होतं.

बस गिरणेच्या पुलावरून चालली होती. खिडकीशी मी. या रस्त्यावरचे वास मला पाठ आहेत. एमआयडीसीतून निघताना डाळमिलचा धुरळ्यासारखा कोरडा वास, मग चटईच्या कारखान्यांचा वितळलेल्या प्लास्टिकचा, पुलावर ओल्या वाळूचा, पाळधीला भज्यांचा. खिडकीतून एकेक जागा सरकत होती आणि मी मनातल्या मनात वास घालून बघत होतो, बोलपटाचा आवाज गेला की माणूस ओठांवरून संवाद लावतो तसा. शेजारच्या बाईंनी कपाळाला बाम लावला, मीही मागून घेतला, नाकपुडीत बोट फिरवलं. गारवा आला. वास नाही आला. बाई म्हणाल्या, सर्दी शे का? मी म्हटलं, नाही हो, नाक विकलं. त्या हसल्या. बघा, अनोळखी बाईसुद्धा हसली. माझ्या तोंडाला काही रोगच आहे.

धुळ्यात थोरल्या भावाचं घर. झुलालभाऊ आणि प्रमिलावहिनी. घर साधं, स्लॅबचं, दोन खोल्या आणि पडवी, पण मागे मोकळं आवार आहे. ते आवार आम्ही सुकदेव मिस्तरीला गॅरेजला दिलं होतं. ट्रॅक्टर, टेम्पो, कधी ट्रक. जुनं ऑइल काढायचं आणि तिथेच ओतायचं, कोणी विचार केला? आम्हीही नाही केला. मिस्तरी म्हातारा झाला, मुलाकडे निघून गेला, आवार मोकळं झालं तेव्हा माती डांबरासारखी काळी आणि घट्ट. गवताचं पातं नाही. मुंगी नाही. पाऊस पडला की डबक्यावर मोराच्या पिसाऱ्याचे रंग. भाऊ म्हणाला, पेव्हर ब्लॉक टाकू, झाकून टाकू, गाडी लावू. कोणीही हेच म्हणालं असतं. पण आमच्या घरात कानबाई बसते.

श्रावणात ही खानदेशची देवी घरी येते तेव्हा घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मूठमूठ गहू घेतात, ते दळून त्याचे रोट होतात, पुरणाच्या पोळ्या होतात. ते भाऊबंदांनीच खायचं. बाहेरच्याला घास द्यायचा नाही, शेजाऱ्याला नाही, लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही नाही. उरलं तर टाकायचं नाही, आणि ताटं धुतलेलं पाणीही गटारात सोडायचं नाही. ते आपल्याच मातीत खड्डा करून पुरायचं. आमच्या घरची तरी अशीच रीत. म्हणजे भाऊबंदांशिवाय ते अन्न कोणी खात असेल तर ती माती. पूर्वी आवाराच्या पलीकडच्या टोकाला एक कोपरा शिल्लक होता, तिथे खड्डा व्हायचा. मिस्तरीचं ऑइल पसरत पसरत तिथेही गेलं. गेल्या श्रावणात वहिनीने नेहमीच्या जागी खड्डा खणायला घेतला आणि खुरप्याला काहीतरी चामड्यासारखं लागलं. आदल्या वर्षीची पोळी. अख्खी. काळी पडलेली, तेल प्यालेली, पण काठ न् काठ शाबूत, वहिनीच्या बोटांचे ठसेसुद्धा दिसत होते. वर्षभर जमिनीत राहून पोळी विरली नव्हती. मी तेव्हा तिथेच होतो आणि मी हसलो. म्हटलं, वहिनी, तुझ्या पोळ्या टिकाऊ आहेत, परदेशात पाठवू. वहिनी ती पोळी हातात घेऊन उकिडवी बसली होती. ती म्हणाली, "मातीनी घास लिधा नही." मातीने घास घेतला नाही. एवढंच, आणि उठून आत गेली.

माझं हसणं तिथेच वाळलं. कारण ती जे म्हणाली ते शब्दशः खरं होतं, आणि ते तिथे माझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. मातीत खाणारेच उरले नव्हते. अन्न विरायला कोणीतरी लागतो. तो मेला की पोळी पोळीच राहते. मी कॅन भरभरून गावोगाव पाठवत होतो आणि माझ्या बापाच्या आवारात एक जिवाणू शिल्लक नव्हता. वहिनीने त्याचा अर्थ तिच्या परीने लावला: या घरात आता कानबाईचं मन नाही. सुरतेला आमचा चुलतभाऊ आहे, फ्लॅटवाला, तो टपूनच होता. म्हणाला, या वर्षापासून कानबाई माझ्याकडे बसवा. वहिनीने विचारलं, तुझ्याकडे माती कुठे? तो म्हणाला, बाल्कनीत कुंडी आहे की. हे ऐकून मी महिनाभर लोकांना हसवलं. वहिनी हसली नाही. एक गोष्ट सांगून ठेवतो, वहिनी माझ्या कुठल्याच चेष्टेला कधी हसलेली नाही. ती लग्न होऊन आली तेव्हा मी शाळेत होतो, आणि पहिल्याच दिवशी मी कापसाच्या बोळ्यावर हिंगाचं पाणी लावून तिला दिलं होतं, म्हटलं, वहिनी, सुरतेचं खास अत्तर. चुलतबहिणी दाराआड तोंड दाबून उभ्या. वहिनीने बोळा नाकाशी नेला, नीट वास घेतला, चेहऱ्यावरची रेष हलली नाही, आणि म्हणाली, बेस शे. छान आहे. मुली फुटल्या हसून. मी मात्र हसता हसता थोडा गोंधळलो होतो. तिला कळलं नाही की कळूनही ती बोलली नाही? मोठी माणसं कशावर काय उत्तर देतात याचा पत्ता मला तेव्हा लागला नाही, आणि मग तो कधीच लागला नाही.

तर मी शब्द दिला. या वेळेला खराखुरा. भावाला म्हटलं, श्रावणापर्यंत थांब, मी आवार साफ करून देतो. थंडीत काम सुरू केलं. माती कुदळीने फोडली, हात सोलवटले, तिच्यात शेणखत आणि उसाचं चिपाड कालवलं म्हणजे हवा खेळेल, थोडा युरिया टाकला कारण नुसत्या ऑइलवर त्यांचं पोट भरत नाही, आणि वरून आमच्याकडची तेलखाऊ जात ओतली. मग दर आठवड्याला जळगावहून धुळे. पाणी मारायचं, माती खालवर करायची, परत जळगाव. उन्हाळ्यात त्रेचाळीस-चव्वेचाळीस डिग्रीत ओली पोती अंथरून त्यांना सावली केली. लोक आजारी बापाला एवढं करत नाहीत. मोनालीने आधीच सांगितलं होतं की ते तेल खातील, पण इंजिनातून झिजून आलेलं शिसं-लोखंड खाणार नाहीत, तिथे भाजी बिजी लावू नका. भाजी कोणाला लावायची होती? एक खड्डा हवा होता. ती म्हणाली, नमुना आणा, तपासून अहवाल देते. मी भावाला अहवालाचं सांगितलं तर तो म्हणाला, कागद कशाला, तू नाकाचा माणूस, तूच वास घेऊन सांग. तेलाचा वास आला तर पेव्हर, मातीचा आला तर कोपरा सोडू. घरात निर्णय असेच होतात. पेव्हरवाल्याला त्याने आजचीच तारीख देऊन ठेवली होती. आणि आज सकाळी माझ्या घरात दूध करपलं.

बसमध्ये पारोळा गेलं तेव्हा मी थकून गेलो होतो. चालून थकतात तसा नव्हे, एका जागी बसून. दोनच वाटा होत्या. नाक लावायचं, डोळे मिटायचे, वेळ लावायचा आणि म्हणायचं, माती. मी ते इतकं सुरेख करतो की मलाच खरं वाटेल. किंवा सांगायचं, मला वास येत नाही. आणि मग ते हसतील. खोटं बोललो तर विश्वास ठेवतील आणि खरं बोललो तर हसतील, अशी माझी घडण मीच केली होती, इतक्या वर्षांच्या मेहनतीने. आणि खोटं 'माती' म्हटलं आणि पुढच्या श्रावणात पुन्हा अख्खी पोळी निघाली तर? वहिनीच्या हातात ती दुसरी पोळी मला दिसत होती. मला वाटतं माणूस असाच म्हातारा होतो, केस पिकून नाही. एक दिवस त्याला एक साधी गोष्ट साधेपणाने सांगायची असते, आणि त्याच्याकडे तो आवाजच उरलेला नसतो.

घरात शिरलो तर सगळे पडवीत. मी सवयीने आत गेलो, बाहेरच्या खोलीत लोखंडी कपाटाशेजारी माझी ठरलेली जागा आहे, पंख्याखाली, तिथे टेकलो. वहिनीने चहा आणला. कप दिला आणि दारातच उभी राहिली, पदराचं टोक तोंडाशी. माझ्याकडे बघत होती. मी चहा भुरकला, पाय पसरले, म्हटलं, बरं वाटलं वहिनी, तुमच्या घरासारखी बसायला जागा नाही. ती म्हणाली, काही वास येस का? मी चपापलो, पण तोंड आपोआप चाललं, म्हटलं, येतो ना, तुझ्या हातच्या आल्याचा. मी कप संपवेपर्यंत ती तिथेच उभी होती.

आवारात आभाळ भरलेलं, उकाडा. भाऊ फोन कानाला लावूनच आला. झुलालभाऊ तपकीर ओढतो, तरुणपणापासून, त्याच्या नाकाला आता मिरचीची धुरीही समजत नाही, म्हणून त्याने न्यायाधीश मला नेमलेलं. माती दिसायला बदलली होती. ढेकूळ हाताने फुटत होतं. कडेला दोन-चार गवताची पाती. मी काचेच्या पेल्यात पाणी घेऊन चिमूटभर माती टाकली, वर रंगाची साय आली, पण फाटकी, तुकड्यातुकड्यांची, पूर्वीसारखी सलग नाही. म्हणजे पुष्कळ खाल्लं होतं, सगळं नव्हतं. की होतं? डोळे एवढंच सांगू शकत होते. मी कोपऱ्यात जाऊन उकिडवा बसलो, पोळी निघाली होती तिथे, हात कोपरापर्यंत मातीत घातला आणि खालची मूठ वर काढली. ओलसर होती, गार होती. नाकाशी नेली. डोळे मिटले. आणि मनात जेवढे वास साठवलेले होते ते सगळे एकदम धावून आले, टाकीचा, गोणपाटाचा, शाळेच्या मैदानाचा, बापाच्या घामट बंडीचा, पण त्यातला एकही त्या मुठीतून येत नव्हता. मूठ मुकी होती. पाठीमागे भाऊ फोनवर पेव्हरवाल्याला म्हणत होता, एक मिनिट थांब, एक मिनिट. मी डोळे मिटूनच होतो. मला आठवतं, 'माती' हा शब्द ओठांपर्यंत आला होता. 'मा' म्हणण्यासाठी ओठ मिटलेसुद्धा होते.

"भाऊ," मी म्हटलं, "माले वास येत नही. सकाळपाईन समजनं. नाक गयं मन्हं."

भाऊ हसला. फोनवरच्या माणसालाही म्हणाला, आमच्या भूपेंद्राची नाटकं चालू आहेत. मग मला म्हणाला, "राहू दे आते. तेल का माती, एक सांग."

मी पुन्हा तेच म्हटलं. आवाज बारीक झाला होता, आणि बारीक आवाज ही माझी जुनी युक्ती असल्यामुळे तो आणखी हसला. त्याचा दोष नाही. मी मूठ पुढे धरून बसलो होतो, काय करावं न कळून, आणि मला खरंच रडू येईल असं वाटत होतं, आणि तेही त्याला नकलेसारखं दिसलं असतं. तेव्हा वहिनी पुढे आली. तिने पदर खोचला, माझ्यासमोर उकिडवी बसली, माझी मूठ उघडून माती स्वतःच्या तळव्यावर घेतली. "दे इकडे," म्हणाली. तळवा नाकाशी नेला. नीट वास घेतला. चेहऱ्यावरची एक रेष हलली नाही.

"बेस शे," ती म्हणाली.

भावाने विचारलं, तेल नाही ना? तिने सांगितलं, बेस शे म्हटलं ना. भावाने फोनवर सांगून टाकलं, तो कोपरा सोडून बाकी टाका, आणि हिशोब बोलत पुढच्या दाराकडे गेला. इतकं सोपं. एवढ्या महिन्यांचं माझं ओझं त्या दोन शब्दांवर खाली उतरलं, आणि दुसऱ्या क्षणाला परत चढलं. कारण ते दोन शब्द मी ओळखले होते. तोच सूर. तीच थांबलेली मान. कापसाचा बोळा, दाराआडच्या मुली. मी वहिनीकडे बघितलं. ती मातीचा हात झटकत होती.

मी विचारलं, "वहिनी, खरं सांग. तेलना वास ऊना का मातीना?"

ती म्हणाली, "तू बसना व्हता ना, त्या कपाटमांगे उंदीर मरेल शे. परवापाईन. बठ्ठं घर नाकले पदर लाईसन पडवीमा बसेल शे. अन तू तठेच बसीसन चहा पिना."

म्हणजे ज्या मेलेल्या उंदराच्या वासाने सगळं घर पडवीत पळालं होतं, त्याच्याशेजारी बसून मी चहा प्यायलो होतो, आणि मी सांगण्याआधीच तिला कळलं होतं. तिने माझी परीक्षा घेतली होती, आणि मी आल्याचा वास सांगून सपशेल नापास झालो होतो. मी आयुष्यभर लोकांना जे करत आलो ते तिने एका कपात केलं, आणि वर कोणाला सांगितलंही नाही. मी म्हटलं, ते ठीक, पण माती? ती कोपऱ्यातली उकरलेली जागा हाताने सारखी करत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "ते अत्तर नव्हतं. हिंग व्हतं. माले तवयच समजनं व्हतं."

"मंग बेस शे काबर म्हणनी तू?"

"नवी नवरी व्हतू. आखो काय म्हणतू?"

"अन आज?"

तिने माती थोपटली, जशी रोटाची कणीक थोपटतात तशी. तिला कानबाई इथेच हवी होती, हे मला ठाऊक होतं. हव्या असलेल्या गोष्टीसाठी माणूस तेलालाही माती म्हणेल. किंवा खरंच माती असेल. माझ्या त्या डोळ्याला न दिसणाऱ्या पलटणीने खरंच खाऊन संपवलं असेल, आणि मी एकटाच असा की ज्याने त्यांना पाळलं-पोसलं आणि ज्याला त्यांचा वास येणार नाही. दोन्हींत फरक करायला माझ्याकडे फक्त तिचा चेहरा होता, आणि त्या चेहऱ्यावर मला कधी काही वाचता आलेलं नाही. मोनालीकडे नमुना नेतो, अहवाल येईल, म्हटलं. मग वाटलं, आला तरी तो मोनालीच्या बाटलीतल्या मातीचा. या कोपऱ्यात पोळी कोण खातो हे कागद सांगणार नाही.

वहिनी उठली. गुडघ्यावर हात ठेवून, हळू. तीही थकलेली दिसत होती. म्हणाली, "पुढला सालले खड्डा खंदसूत. तवय समजी."

पुढच्या वर्षी खड्डा खणू, तेव्हा कळेल. मी तिथेच बसून राहिलो. माझ्या सगळ्या मस्कऱ्या तासाभराच्या, फार तर दिवसाच्या. ही वर्षभराची होती, आणि होती की नव्हती हेही कळायला वर्ष लागणार होतं. ती दारापर्यंत गेली, थांबली, मागे वळून म्हणाली, "आते तो उंदीर तूच काढ. तुले काय."

मी आत गेलो. घरातली सगळी माणसं पडवीत सरकली, पदर आणि रुमाल नाकाला, झुलालभाऊ तपकिरीच्या नाकावरही रुमाल धरून, लोक धरतात म्हणून. मी कपाट ढकललं, पेपर पसरला, अंधारात हात घातला. मऊ लागलं, हलवलं तर सुटलं. पंखा बंद, खिडक्या बंद. बाहेर सगळे श्वास धरून उभे, आणि आत मी एकटा छाती भरभरून हवा घेत होतो, आणि तिच्यात काहीच नव्हतं, सकाळपासून जगात काहीच नव्हतं. मी पेपरची घडी केली. मग कसं कोण जाणे, सवयच ती, घडी नाकाशी नेली, डोळे मिटले, वेळ लावला, आणि मान स्थिर ठेवून आतूनच म्हटलं,

"बेस शे."

पडवीतून एक आवाज आला. बारीक, अडखळलेला, बऱ्याच वर्षांत न उघडलेलं दार उघडावं तसा. कोण हसतंय ते मला आधी ओळखता आलं नाही, कारण वहिनीचं हसणं मी त्यापूर्वी ऐकलेलं नव्हतं.